‘कुटुंब’ नको, नियम हवेत

माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत ‘कुटुंब’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कंपनी म्हणजे कुटुंब, वरिष्ठ म्हणजे वडीलधारे. उचगाव-बेळगाव परिसरातील आपली शिकलेली मुले पुणे-बेंगळूरला याच कंपन्यांत राबतात. म्हणून या शब्दाचे मोल तपासणे हे आपलेही काम आहे.

इन्फोसिसचे उदाहरण घेऊ. १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी अल्प भांडवलावर ही कंपनी उभी केली आणि पुढे कर्मचाऱ्यांनाही समभागांत वाटेकरी केले. हे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या सातांपैकी नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. स्वतःचे घर बांधणारा रात्रीही विटा वाहतो. रोजंदारीवरील गवंड्याने तितक्याच मजुरीत तसेच वाहावे, हा कुठला न्याय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या म्हैसूर केंद्रातून ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, असे कंपनीने सांगितले. त्यांतील अनेकांना नोकरीचे पत्र २०२२ मध्येच मिळाले होते. रुजू करून घेण्यास मात्र २०२४ उजाडले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, हे योग्यच झाले. कुटुंबात नापास मुलाला कोणी घराबाहेर काढत नाही. मग जिथे काढले जाते, तिथे कुटुंबाची भाषा कशासाठी? कुटुंबात हिशेब मागायचा नसतो, केवळ एवढ्यासाठीच!

यावर उत्तर ठरलेले आहे : ‘सरकारी कचेरीत नियम भरपूर, पण कामे कुठे होतात?’ आक्षेप अगदीच खोटा नाही. नियमांच्या आडोशाने फायली अडवणारे मी सेवाकाळात पाहिले आहेत. तथापि राज्यघटनेच्या ३११ व्या कलमानुसार चौकशी केल्यावाचून आणि बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून सरकारी सेवकास सहसा बडतर्फ करता येत नाही. या कलमाचा हेतू आळशाला वाचवणे हा नव्हे. रागावलेल्या वरिष्ठालाही आधी कारण लिहावे लागते, आणि लिहिलेले कारण तपासता येते. राग मात्र तपासता येत नाही.

कर्नाटक सरकारने १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून या उद्योगाला वर्षानुवर्षे सूट दिली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांनी वाढवली. सूट देताना एक अट होती : तक्रार निवारण समिती नेमावी आणि तिच्यात कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी मालकांइतकेच असावेत. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. कायदे बदलतात, परंतु मागणाराच नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

आणि इथे दोष आपल्या घरांकडेही येतो. रात्री अकराला मुलगी थकलेल्या आवाजात फोनवर बोलते, तेव्हा ‘एवढा पगार कोण देतो? सहन कर’ असे सांगणारे पालक कमी नाहीत. हा सल्ला बंद करावा. तिला विचारावे : तुमच्याकडे तक्रार समिती आहे का? तिच्यात तुमच्या बाजूचे कोण आहे? कामावरून काढताना कारण लेखी देतात का? कुटुंब म्हणून आपण इथे आहोतच. कंपनीने तिला नियम द्यावेत, तेवढे पुरे आहे.