पेटी नगरहून परत आली

नवरात्र पंधरा दिवसांवर आलं आणि आमच्या भजनी मंडळाची पेटी रुसली. काळी चारचा षड्ज धरला की मागून घरघर यायची. मधल्या सप्तकातला पंचम तर बोलायलाच तयार नव्हता. भगवतीमातेच्या कोल्हारात घटस्थापनेला भजन नाही, हे कसं चालायचं? पेटी चादरीत गुंडाळून नगरची एसटी धरली. राहुरी येईपर्यंत मांड्या भरून आल्या, पण ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

जिवाला धाक होता. मागे एकाकडे दिली तेव्हा बाहेरून पॉलिशनं आरशासारखी झाली आणि आतले सूर मात्र नको तितके खरवडून आले. पेटीतला सूर म्हणजे पितळेची जीभ; तिचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ काही परत येत नाही.

नगरच्या कारागिरांनी पेटीला हात लावण्याआधी मलाच विचारलं, “माउली, भजनाला वाजते की शिकवणीला? गाता कोणत्या पट्टीत? ठेवता कुठे?” मग माझ्यासमोर झाकण काढलं. भाता भरला, एकही पट्टी न दाबता सोडला, आणि तो किती वेळात बसतो ते बघत राहिले. फार लवकर बसला. घडीपाशी उंदरानं कुरतडलं होतं. सरसाचा वास त्याला ओढून आणतो, म्हणाले. घरघरणाऱ्या सुराखालून कोरा कागद अलगद फिरवला, तर कागदावर काळा कण आला. बुक्का! किती कीर्तनं त्या पेटीनं अंगावर घेतली असतील. पंचमाची पट्टी पावसाळ्यानं फुगून शेजारणीला अडत होती.

खरं काम पुढे होतं. खर्ज आणि नर हे एकाच पट्टीचे दोन सूर एकत्र वाजले की लाट उठायची. दोन्ही नीट जुळले की लाट थांबते. कानस दोनदा फिरवली आणि थांबले. घासताना पितळ तापतं, तापलेला सूर फसवतो, म्हणून निवू द्यायचं. पुन्हा ऐकलं, पुन्हा एकदाच कानस. एका सुराला इतका वेळ देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, कारण तिच्यात मींड निघत नाही, सूर जिथे बसवला तिथेच राहतो. तो दोष खराच. पण म्हणूनच तो बसवणाऱ्याची जबाबदारी केवढी! त्याच्या कानानं ठरवलेल्या जागी अख्खं गाव वर्षभर गातं.

पियानोचं बरं असतं. दोनशेवर तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा. तो उचलून कोण नेणार? जुळवणाराच घरी येतो. खोलीची ओल, खिडकीतलं ऊन, वाजवणारं पोर, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. आमची पेटी एकटी दुकानात जाते, घर मागे राहतं. म्हणून पेटी दुरुस्त करणाऱ्यानं विचारलं पाहिजे, आणि गिऱ्हाइकानं खरं सांगितलं पाहिजे. आम्ही पेटी देवळाच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवतो आणि तिच्यावर निरांजन ठेवतो, हे सांगताना मला लाज वाटली. त्यांनी रागावून नाही, समजावून सांगितलं: भिंतीपासून हातभर दूर, खाली फळी, वर कापड, आणि भजन नसलं तरी रोज थोडा वेळ वाजवा.

पेटी ठरल्या दिवशी मिळाली. काढलेलं जुनं चामडं पुडीत बांधून हातात दिलं. बुक्क्याच्या कणाचे पैसे मी विचारले, तर म्हणाले, “कागद फिरवायचे कसले पैसे?” काय केलं ते त्यांनी तारखेसह वहीत टिपून ठेवलं.

तिसऱ्या माळेला भजन सुरू व्हायच्या बेतात असताना त्यांचा फोन आला. “पंचम धरतो का?” मी फोन पेटीजवळ नेला आणि पट्टी दाबून धरली. पलीकडे ते काही बोलले नाहीत, ऐकत राहिले.