काम सुटले, तर?

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका ओळखीच्या घरी जाण्याचा योग आला. गोव्यातील एका कारखान्यात सहा वर्षे कामाला असलेला थोरला मुलगा एकाएकी घरी परतला होता. मालाची मागणी घटल्यामुळे मालकाने काही कामगार कमी केले होते. "हिशेब आजच हवा असेल तर या कागदावर सही कर," असे त्यास सांगण्यात आले आणि त्याने न वाचताच सही केली. तो कागद राजीनाम्याचा होता. त्याच्या आईने आम्हांस विचारले, "अशा वेळी सरकार काहीच देत नाही का हो?"

देते. परंतु त्या एका सहीने मुलाची वाट बिकट करून ठेवली होती. ती कशी, हे प्रत्येक कामगार कुटुंबाने समजून घ्यावे.

कर्मचारी राज्य विमा, ज्यास आपण ई. एस. आय. म्हणतो, त्याचा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. १ जुलै २०१९ पासून ठरलेल्या दराप्रमाणे वेतनाच्या दर शंभर रुपयांमागे पाऊण रुपया कामगाराकडून कापला जातो आणि सव्वातीन रुपये मालक स्वतःचे भरतो. म्हणजे सोळा हजार रुपये वेतन असेल, तर कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२० रुपये दरमहा जमा होतात. १ जानेवारी २०१७ रोजी या विम्यासाठी वेतनाची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली.

या विम्याचा दवाखाना बहुतेकांस ठाऊक असतो. बेकारीतील साहाय्य मात्र ठाऊक नसते. कारखाना बंद पडल्यास किंवा कामगारकपात झाल्यास भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. प्रारंभी थोडकी असलेली तिची मुदत पुढे वाढून दोन वर्षे झाली: पहिल्या वर्षी निम्मे वेतन, दुसऱ्या वर्षी चतुर्थांश. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आयुष्यात एकदा, अधिकाधिक नव्वद दिवसांचे साहाय्य मिळते. आरंभी ते सरासरी मिळकतीच्या चतुर्थांश होते. २०२० साली ते निम्मे करण्यात आले आणि काम सुटल्यावर तीस दिवसांनी अर्ज करण्याची मोकळीक मिळाली. रक्कम थेट बँकेच्या खात्यात येते. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. म्हणून अर्जापूर्वी जवळच्या शाखा कार्यालयात चौकशी करावी.

अटीही आहेत. काम सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षे विम्याखाली नोकरी झालेली असावी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन हंगाम असतात. काम सुटण्याच्या लगतपूर्वीच्या हंगामात ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीन हंगामांपैकी एकात तितकीच. गैरवर्तनासाठी काढलेल्यास किंवा आपण होऊन काम सोडणाऱ्यास हे साहाय्य मिळत नाही.

येथेच त्या सहीचा घात आहे. कपात झालेला कामगार राजीनाम्यावर सही करतो तेव्हा तो कागदोपत्री "आपण होऊन सोडणारा" ठरतो. वर्षभर सलग काम केलेल्या कामगारास कपातीच्या वेळी एक महिन्याची सूचना किंवा तिचे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या त्या मुलाची सहा वर्षांची भरपाई नव्वद दिवसांचे वेतन झाली असती. तीही त्या सहीमुळे संकटात आली.

आपल्यापैकी काहीजण बेकरी किंवा लहानसा कारखाना चालवितात. त्यांसही दोन शब्द. अमेरिकेत बेकारी विम्याचा पहिला कायदा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली केला. तेथे जो मालक वारंवार माणसे काढतो, त्याची वर्गणी वाढते. आपल्या विम्यात तसे नाही. दर सर्वांस एकच. तेव्हा कपात झाली असता "कपात" असेच लिहून दिल्याने मालकाची वर्गणी एका पैशानेही वाढत नाही. मात्र कामगाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे.

कुटुंबांनी एवढे करावे. घरातील नोकरदाराचा दहा अंकी विमा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. वेतनचिठ्ठ्या ट्रंकेत जपाव्यात. वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे वर्षातून दोनदा पाहावे. आणि काम सुटण्याच्या दिवशी कोणताही कागद वाचल्याविना सही करू नये. भाषा कळत नसेल तर जाणत्याकडून वाचून घ्यावा.

त्या माउलीस शेवटी एक संकोच होता: "सरकारी भिक्षा घेतली, असे लोक म्हणतील." आम्ही तिला जुन्या वेतनचिठ्ठीवरील कापलेले पैसे दाखविले. सहा वर्षे दरमहा जे भरले, ते मागण्यात भिक्षा कसली? दुसऱ्याच आठवड्यात मुलगा त्या चिठ्ठ्या घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे गेला. राजीनामा स्वखुशीचा नव्हता, हे सिद्ध करण्याचे काम आता त्याच्यावर आहे. निकाल अद्याप लागलेला नाही.