संध्याकाळी कोणासोबत बसता?

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर वय, वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू या सगळ्याची नोंद होते. ‘संध्याकाळी कोणासोबत बसता?’ हा रकाना मात्र नसतो. पाटोद्यासारख्या तालुक्यात तो असायला हवा, असे माझे मत आहे.

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटातल्या आमच्या वाड्या-वस्त्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको दोघेही कोयता घेऊन जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी पोरे. मग ओपीडीत ठरावीक तक्रारी वाढतात. अंग दुखते, झोप लागत नाही, घास गोड लागत नाही, छातीत धडधडते. पुष्कळदा ईसीजी आणि रक्ताचे अहवाल ठीक येतात. म्हणून त्रास खोटा ठरत नाही. त्याचे मूळ रक्ताच्या नळीत दिसत नाही, एवढेच.

ते मूळ कुठे असू शकते, याचे एक उदाहरण परदेशातल्या एका छोट्या गावात सापडते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचे गाव आहे. इटलीतल्या खेड्यातून पोटासाठी गेलेल्या लोकांनी ते वसवले. पुरुष पाटीच्या दगडाच्या खाणीत राबत. १९६० च्या दशकात डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावाचा अभ्यास केला. शेजारच्या बँगोर गावापेक्षा इथे हृदयविकाराने होणारे मृत्यू बरेच कमी होते. हे लोक पथ्याने राहत होते म्हणावे, तर तसेही नाही. ते चरबीत तळलेले खात, धूम्रपान करत, वाइनही घेत. पण एका घरात तीन पिढ्या नांदत, सणाला पंगती बसत, संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात गप्पा रंगत आणि श्रीमंती मिरवणे वाईट समजले जाई. पुढे घरे विखुरली, जो तो आपल्या कुंपणात गेला. १९९२ मध्ये दोन्ही गावांच्या पन्नास वर्षांच्या मृत्यूंची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा रोझेटोचा फायदा सरलेला दिसला.

एका गावावरून नियम बांधता येत नाही, हे खरे. पण २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांची नाती-मैत्री घट्ट होती, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकटेपणाने त्रस्त असल्याचे म्हटले आहे.

हे घडते कसे? एकटेपणा लांबला की शरीर सतत सावध राहते. ताणाची संप्रेरके वाढतात, झोप मोडते, रक्तदाब चढतो. दुसरे कारण अगदी साधे आहे. आपल्या तब्येतीतला बदल आधी मित्राला दिसतो. ‘तात्या, तोंड वाकडं का झालंय? चला दवाखान्यात,’ असे म्हणणारा पारावर शेजारी असेल, तर पक्षाघाताचा रुग्ण वेळेत पोहोचतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घरात एकटा पडलेला माणूस सकाळी सापडतो, तोवर ती वेळ गेलेली असते.

आपल्याकडे या औषधाची परंपरा आहे. थंडीत शेतात आगटी पेटवायची, कणसे भाजायची, गरम हुरडा हातावर चोळून चटणी-गुळासोबत खायचा आणि तासभर गप्पा मारायच्या. आज शहरातली मंडळी कृषी पर्यटन केंद्रात पैसे मोजून हेच करतात. हुरडा त्यांना घरपोचही मिळेल. ते खरे पैसे मोजतात सोबतीचे.

हल्ली ‘बसणे’ या शब्दाचा अर्थ बदलला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. बाटली किंवा तंबाखूची पुडी मध्ये ठेवून बसणे मी सांगत नाही. चौघांनी चार मोबाइलमध्ये डोके घालून बसणेही नाही.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे. पार पुरुषांचा. नळ दारात आला, डोक्यावरचा हंडा उतरला, हे चांगलेच झाले. पण विहिरीवर मन मोकळे करायची जागाही गेली. बचत गटाची बैठक आज ती जागा भरू शकते. हप्ता गोळा करून लगेच न उठता अर्धा तास एकमेकींची विचारपूस करावी.

झिम्बाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारात बाकडी ठेवली आणि प्रशिक्षण दिलेल्या आज्यांना तिथे बसवले. ‘विचार फार येतात’ म्हणणारे लोक त्यांच्याशी बोलू लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालेला आढळला. आपल्या उपकेंद्रांच्या दारातही एक बाकडे आणि गावातली एक जाणती आजी परवडण्यासारखी आहे. रस्त्याच्या कामात पार तोडायची वेळ आली, तर ग्रामपंचायतीने तो हलवावा, पण पुसून टाकू नये.

बीपीची, साखरेची गोळी सोबतीमुळे बंद करायची नाही; ती नेमाने घ्यायचीच. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटले, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. बाकीच्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे: आपल्या गल्लीत ज्या घरची माणसे कारखान्यावर गेली आहेत, तिथल्या म्हाताऱ्यापाशी चहा घेऊन अर्धा तास बसावे.