टायर आतून झिजतो, तपासणी बाहेरून होते

शिर्डीत शनिवार-रविवारी पार्किंगच्या मैदानातून एक फेरी मारली तर राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याची नंबरप्लेट दिसते. त्यात अलीकडे ताकदवान गाड्या बऱ्याच असतात. ऑक्टाव्हिया, थ्री सीरिज, सी-क्लास. शिवाय स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या साध्या सेडानही. रुंद टायर, मोठी अलॉय चाकं, जमिनीला टेकल्यासारखी बैठक. यातल्या एखाद्या गाडीचा टायर उभ्या-उभ्या पाहिला तर नक्षी चांगली खोल दिसते. मागच्या चाकाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला की मात्र अनेकदा बोटांना गुळगुळीत पट्टा लागतो. कधी रबर संपून तारही टोचते. मेकॅनिक याला एका वाक्यात सांगतात, ‘गाडी आतून टायर खातेय.’

समृद्धी महामार्गावर टायर फुटला की आपण सिमेंटच्या रस्त्याला आणि उन्हाला दोष देऊन मोकळे होतो. दोघांचाही वाटा आहे, नाही असं नाही. पण जो टायर आतल्या कडेने आधीच संपलेला होता, त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो. मालक पाहत नाही, हवा भरणारा पाहत नाही, आणि रस्त्यावरच्या तपासणीतही तो सहसा निसटतो.

दोष कुठे लागतो, बिल कुठे येतं?

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सुरू आहे. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. पण या रस्त्यावर चढायला शिर्डीपर्यंत यावं लागतं, आणि नगरकडून येणारा माणूस येतो तो नगर-मनमाड रस्त्याने. विळद, राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता. या रस्त्याबद्दल नगर जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळं काही सांगायची गरज नाही.

खड्ड्यात चाक आदळलं की टायर फुटतोच असं नाही. बहुतेक वेळा ‘वाचलो’ म्हणून आपण पुढे जातो. पण तेवढ्या दणक्याने टाय रॉड किंचित वाकतो, लोअर आर्मचं रबरी बुश फाटतं, चाकाचा कोन अंशाच्या छोट्या भागाने सरकतो. ताशी ५० च्या वेगाने गावात फिरताना ते कळत नाही. समृद्धीवर सलग चार-पाच तास १२० ने गाडी चालवली की तोच टायर तापतो आणि झिजतो. दोष लागतो खराब रस्त्यावर, बिल येतं चांगल्या रस्त्यावर. म्हणून नाव चांगल्या रस्त्याचं खराब होतं.

अलाइनमेंट म्हणजे नेमकं काय?

तीन कोन असतात, पण टायर खाणारे त्यातले दोन. पहिला टो. माणूस चवडे आत वळवून किंवा फेंगडा चालतो, तसंच चाकांचं असतं. वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. दुसरा कॅम्बर. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत झुकलेला असला की निगेटिव्ह कॅम्बर; पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखा. तिसरा कॅस्टर, जो स्टिअरिंग सरळ ठेवायला मदत करतो. झिजेच्या संदर्भात तो इथे बाजूला ठेवू.

टो किती नाजूक आहे याचा एक ढोबळ हिशोब. समजा एका चाकाचा टो ०.२ अंशाने चुकलाय. सतरा इंची चाकाच्या टायरवर हे मोजलं तर पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक येतो. डोळ्यांना दिसणं शक्य नाही. पण असं चाक प्रत्येक किलोमीटरमागे साधारण साडेतीन मीटर आडवं सरकायला पाहतं. शिर्डी ते नागपूर गेलात तर जवळजवळ १.८ किलोमीटर. रबर लवचीक असतं, त्यामुळे त्यातलं काही ते पोटात घेतं. उरलेलं सिमेंटवर घासून जातं. एवढ्या अंतरावर टायर आडवा ओढत नेल्यावर त्याचं काय होणार?

वेगवान गाड्यांनाच हा त्रास जास्त का?

कारण या गाड्यांना कंपनीच निगेटिव्ह कॅम्बर थोडा जास्त देते. वळणावर गाडी कलंडते तेव्हा बाहेरचं चाक जमिनीवर सपाट बसावं, म्हणून. घाटात त्याचा फायदा आहे. पण नागपूर-शिर्डी हा रस्ता बहुतांशी सरळ. तिथे गाडी तासन्‌तास आतल्या कडेवर जास्त भार ठेवून पळते. नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळू झिजतो. त्याला चुकीच्या टोची जोड मिळाली की आतली कड झपाट्याने जाते.

त्यात टायरही वेगळे. २२५/४५ आर १७ या मापाच्या टायरची बाजूची भिंत साधारण १०१ मिलिमीटर उंच असते. साध्या १९५/६५ आर १५ ची १२७. म्हणजे खड्ड्याचा दणका पोटात घ्यायला तेवढी जागा कमी, आणि तो थेट रिमवर व सस्पेन्शनवर. रबरही पकडीसाठी मऊ. काही गाड्यांत मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे अशी अदलाबदलही करता येत नाही.

आणि स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवली असेल, तर कॅम्बर आणि टो दोन्ही कंपनीच्या हिशोबाबाहेर गेलेच म्हणून समजा. पाच माणसं आणि डिकी भरून सामान घेऊन दर्शनाला निघालं की मागची बाजू आणखी दबते. मल्टिलिंक सस्पेन्शनच्या गाड्यांत मागच्या चाकांचा झुकाव तेव्हा अजून वाढतो.

या पट्ट्यात अशा गाड्या नव्या नाहीत. संभाजीनगरच्या शेंद्र्यात स्कोडा आणि ऑडीची जोडणी होते. २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली होती. गाड्या आल्या, रस्ता आला. टायरकडे बघायची सवय मात्र अजून ट्रॅक्टरच्या काळातली: नक्षी दिसतेय ना, मग चालू द्या.

सरळ स्टिअरिंगवर विश्वास ठेवावा का?

माझा अनुभव सांगतो. राहुरीच्या पुढे रात्री गाडी खड्ड्यात आदळली. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग जरा वाकडं वाटलं. गॅरेजमध्ये नेली, अलाइनमेंट झाली, स्टिअरिंग सरळ झालं, मी निर्धास्त. काही महिन्यांनी टायर बदलायला गेलो तेव्हा मागच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला पाचेक मिलिमीटर नक्षी शिल्लक होती आणि आत तार दिसत होती.

झालं असं, की वाकडं होतं ते मागचं चाक. मागचं एक चाक तिरकं झालं की ते गाडीला एका बाजूला ढकलतं, आणि गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. गॅरेजवाल्याने फक्त पुढची टो जुळवली. स्टिअरिंग सरळ दिसू लागलं, म्हणजे लक्षण गेलं; रोग मागे तसाच. माझ्यालेखी ही फसवणूक नव्हती, घाई होती. पण बऱ्याच ठिकाणी ‘अलाइनमेंट’ म्हणजे पुढची टो, एवढाच अर्थ उरलाय, हेही खरं.

टायर फुटतो तो यामुळेच का?

प्रत्येक वेळी नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं सुरुवातीला चालकाने सांगितलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणून टायरवर खापर फोडताना जपून बोललं पाहिजे.

टायर फुटायचं नेहमीचं कारण म्हणजे उष्णता, आणि उष्णतेचं नेहमीचं कारण कमी हवा. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि आतून तापते. उन्हाळ्यात ‘हवा फुगते’ म्हणून पाच-सात पीएसआय कमी ठेवणारे लोक नेमकं उलटं करतात. थंड टायरमध्ये ३३ असलेली हवा टायर तीस अंशांनी तापल्यावर ३८ च्या आसपास जाते. कंपनीने ते गृहीत धरलेलं असतं. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

पण आतल्या कडेचं रबर संपून तारा उघड्या पडल्या की प्रश्न वेगळा होतो. तिथे टायरला ताकदच उरलेली नसते. बाकी नक्षी कितीही ताजी असो. आणि पावसात पाणी बाहेर फेकायला त्या कडेला खाचाच नसतात, त्यामुळे गाडी पाण्यावर तरंगते ती याच टायरवर आधी.

तपासणीत काय राहून जातं?

२०२३ मध्ये अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासणीची मोहीम घेतली, गोटा टायरच्या गाड्या परत फिरवल्या. ते योग्यच होतं. नियमानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. पण खोली मोजतात ती बाहेरून हात पोचतो तिथे. आत झिजलेला रुंद टायर या परीक्षेत आरामात पास होतो. प्रवेशाच्या ठिकाणी हातभर दांड्याला लावलेला आरसा आणि एक टॉर्च, एवढ्याने हे काम होईल. मोठ्या यंत्रणेची गरज नाही. आणि टायरची तपासणी करणाऱ्या सरकारने नगर-मनमाड रस्त्याचीही तेवढ्याच कडकपणे तपासणी करावी. वाहनचालक टोलही भरतो आणि खड्ड्यांपायी टायरही.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

आधी हे पक्कं करा की बॅलन्सिंग वेगळं आणि अलाइनमेंट वेगळी. ८०-१०० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं ते सहसा बॅलन्सिंग. एका बाजूने झीज होते ती अलाइनमेंट. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. हात फिरवल्यावर करवतीसारखे दाते लागले तर टो. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर गेलाय, आणि तो बदलल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे वाया.

मग चारही चाकांची अलाइनमेंट सांगा आणि आधीचा-नंतरचा असा छापील कागद मागा. त्यात मागच्या चाकांचा टो आणि कॅम्बर लाल रंगात असेल तर ‘ते चालतं’ हे उत्तर घेऊ नका. अनेक साध्या गाड्यांत मागचे कोन जुळवायची सोयच नसते. तसं असेल आणि आकडा लाल असेल तर काहीतरी वाकलंय, ते शोधायला सांगा. जमलं तर नेहमी जेवढं वजन असतं तेवढं ठेवून मोजायला सांगा. नाक मुरडतील, पण करतात.

आणि हे वाचताय त्या मोबाइलचा एक उपयोग. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की पुढच्या टायरची आतली कड दिसते. मागच्यासाठी गाडी थंड आणि हँडब्रेक ओढलेला असताना फ्लॅश लावून मोबाइल चाकाच्या मागे धरा आणि फोटो काढा. फोटोत खाचांमधल्या छोट्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीने आलेल्या दिसल्या, तर शिर्डीतच टायरचं दुकान गाठा.