देह कुणाचा, डिग्री कुणाची?

पुणे-सातारा महामार्गावरील किकवी हे भोर तालुक्यातील गाव. उत्तरेला खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की पुणे, दक्षिणेला नीरा नदी ओलांडली की शिरवळ. पुण्यात बी. जे. मेडिकल, भारती विद्यापीठ यांसारखी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे माणसाचे शरीर शिकायचे असो की जनावराचे, विद्येची दोन्ही केंद्रे या गावापासून एका एस.टी.च्या अंतरावर आहेत. परंतु याच पट्ट्यातील उपकेंद्रात राबणारी आरोग्यसेविका, १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचारी किंवा ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका यांनी ठरवले की नोकरी सांभाळून शरीररचनाशास्त्राचे पुढचे शिक्षण घ्यावे, तर त्यांच्यासाठी दार कोणते? उत्तर असे की, दार जवळजवळ नाहीच.

वाचकांना वाटेल, परिचारिकेला शरीररचनाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण कशाला हवे? साधे उदाहरण घ्या. कमरेत इंजेक्शन देताना कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग निवडतात, कारण खालच्या आतल्या बाजूने सायटिक नस जाते. सुई तिथे लागली तर माणसाचा पाय लुळा पडू शकतो. म्हणूनच तान्ह्या बाळाला लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात. महामार्गावर अपघात झाला आणि मानेचे हाड मोडलेल्या जखमीला चार जणांनी हातापायाला धरून उचलले, तर मज्जारज्जूला इजा होऊन जगणारा माणूस जन्माचा अपंग होतो. शरीराच्या रचनेचे ज्ञान रुग्णाच्या उपचाराशी जोडून शिकणे, याला क्लिनिकल ॲनॉटॉमी म्हणतात. ज्यांचा हात रोज गरिबाच्या अंगाला लागतो, त्यांना हे ज्ञान ताजे आणि खोल असायलाच हवे. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत नोकरी करणारे आरोग्य कर्मचारी हा विषय अर्धवेळ शिकतात. मग आपल्याकडे अडचण काय?

अडचण कायद्याच्या रचनेत आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे एम.डी., एम.एस. करणाऱ्याला पूर्णवेळ निवासी विद्यार्थी म्हणूनच राहावे लागते. तो नियम योग्यच आहे, कारण तो पुढे स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून रुग्ण हाताळणार असतो. दुसरीकडे वैद्यकीय, परिचर्या, फिजिओथेरपी, पॅरामेडिकल हे विषय दूरशिक्षणाने शिकवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, आणि २०२५ पासून आरोग्याशी निगडित आणखी विषयांवरही ती लागू झाली. तीही एका अर्थाने बरोबर आहे. मृतदेहावर हात न फिरवता, टपालाने किंवा मोबाइलवर शरीर शिकता येत नाही. पण मग पूर्णवेळ शिकायला पगार सोडवत नाही आणि दुरून शिकायला परवानगी नाही, अशा माणसासाठी एकच वाट उरते. प्रत्यक्ष हजेरीचा, अर्धवेळ अभ्यासक्रम. ती वाट कुणी बांधली नाही.

जमत नाही म्हणून बांधली नाही, हे म्हणणे खोटे आहे. याच महाराष्ट्रात होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने चालवला. त्यासाठी २०१४ साली विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर एक दिवसाचा संप केला. कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की, ज्यांची संघटना मंत्रालयात पोहोचते त्यांच्यासाठी अभ्यासक्रमही तयार होतो आणि कायदाही बदलतो. शासकीय सेवेतील एम.बी.बी.एस. डॉक्टरांना पदव्युत्तर जागांत राखीव कोटा देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. डॉक्टर संघटित होते, त्यांनी लढून मिळवले. त्याच आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या कंत्राटी परिचारिकेला पगारी शैक्षणिक रजा कोण देणार?

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. ती आपल्या समाजाच्या जिव्हारी लागणारी आहे.

शरीररचनाशास्त्र शिकायला मृतदेह लागतो. तो कुठून येतो? इंग्लंडमध्ये १८३२ साली कायदा झाला आणि गरिबांच्या आश्रयगृहांत (वर्कहाउस) मरणाऱ्या, कुणी दावा न केलेल्या माणसांचे देह डॉक्टरी शिकणाऱ्यांना मिळू लागले. त्याआधी १८२८ मध्ये एडिंबरात दोघांनी सोळा जणांचे जीव घेऊन देह शरीररचनेच्या शिक्षकाला विकले होते. आपल्याकडे कलकत्त्याला १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून धर्ममार्तंडांचा विटाळ मोडला. मुंबई राज्यात १९४९ साली ॲनॉटॉमी कायदा आला. त्यानुसार रुग्णालयात किंवा सार्वजनिक ठिकाणी मरण पावलेल्या बेवारस माणसाचा देह शिक्षणसंस्थेला देता येतो. अलीकडे देहदान वाढले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण बेवारस म्हणून कोण मरतो? पुलाखाली झोपणारा, गाव सोडून पोट भरायला आलेला, ज्याच्या नातेवाइकांपर्यंत निरोप पोहोचत नाही असा. तो कोणत्या थरातला असतो, हे सांगायला आयोग नेमण्याची गरज नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ज्याला कुणी नातेवाईक नाही त्याचे प्रेत वाहून नेण्याचे काम चांडाळांवर सोपवले आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला. पण शवागाराच्या दारात तो अजून पुरता जळलेला नाही. अनेक ग्रामीण रुग्णालयांत प्रेत उघडण्याचे प्रत्यक्ष काम सफाई कामगार करतो आणि डॉक्टर बाजूला उभा राहून नोंद घेतो, हे आरोग्य खात्यात वावरणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. तो कामगार कोणत्या जातीचा असतो, हेही ठाऊक आहे. वर्षानुवर्षे देह उघडून त्याच्या बोटांना काळीज, यकृत, प्लीहा अंधारातही सापडते. परंतु २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायी आयोग कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य व्यवसायी ठरायला किमान दोन हजार तासांची पदविका वा पदवी लागते, आणि आरोग्यसेवा व्यवसायी ठरायला किमान छत्तीसशे तासांची पदवी. त्याने शवागारात घालवलेल्या तासांची मोजणी कोणत्याच रकान्यात होत नाही. ज्ञान हातात आहे, पण कागदावर तो झाडूवालाच!

आमच्या काही मंडळींना हे बोलणे आवडणार नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा असे सांगितले, मग पुन्हा प्रेताचा विषय कशाला? बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते लादलेले, अपमानाचे, बिनमोबदल्याचे काम. विद्या सोडा असे त्यांनी कधीच सांगितले नाही. जे काम जातीने लादले तेव्हा विटाळ होता, तेच काम महाविद्यालयात शिकवले जाऊ लागल्यावर शास्त्र झाले. शिरवळच्या महाविद्यालयात आज जनावराचे शरीर उघडून शिकवतात, त्याला प्रतिष्ठा आहे, पगार आहे. मग आम्ही विचारतो, विटाळ देहाचा होता की माणसाचा? तथागतांच्या धम्मात तर शरीराचे बत्तीस भाग मनात आणून पाहणे आणि स्मशानातील देहाकडे पाहून अनित्यता ओळखणे, ही साधनाच आहे. आजारी भिक्खूला स्वतः स्वच्छ करणाऱ्या बुद्धाच्या अनुयायाला देहाचा विटाळ कसा होईल?

आणि हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही, न्यायाचाही आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनातील त्रुटींवर राज्यभर संताप उसळला आणि पुरलेले देह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. स्त्रियांवरील अत्याचाराचा प्रश्न पुराव्याच्या अंधारातच राहिला. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे पाहिले गेले नाही, ते पुढे कितीही मोठा वकील न्यायालयात दाखवू शकत नाही. खेड्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्या माणसाने नोकरीत असताना हे शास्त्र पुन्हा शिकणे, ही आमच्या लेकीबाळींच्या न्यायाची गरज आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. असा अभ्यासक्रम म्हणजे डॉक्टरकीचा परवाना नव्हे. पूनम वर्मा खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे. ज्ञान वेगळे, परवाना वेगळा. आमच्या तरुणांनी हेही लक्षात ठेवावे की, शिक्षणसम्राटांची दुकाने उद्या याच नावाने उघडतील. विद्यापीठाची मान्यता लेखी पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शासकीय महाविद्यालयांच्या विच्छेदन कक्षांत सायंकाळी आणि शनिवार-रविवारी क्लिनिकल ॲनॉटॉमीचा अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समुदाय आरोग्य अधिकारी, ग्रामीण वैद्यकीय अधिकारी यांना त्यात प्रवेश द्यावा, मराठीतून समजावून द्यावे. प्रवेशात घटनेप्रमाणे आरक्षण असावे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. नोकरी करणारी परिचारिका त्यातून सहज बाहेर पडते, म्हणून तिचे शुल्क शासनाने भरावे. शवागारातील कामगारांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र, पदनाम आणि वेतनश्रेणी द्यावी. आणि ज्या बेवारस देहावर विद्यार्थी शिकले, त्याची नोंद राहावी, त्याला सन्मानाने निरोप मिळावा.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळी भरवले, कारण नोकरी करणाऱ्या गरिबालाही पदवी मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. घड्याळ शिकणाऱ्याच्या पोटापाण्याप्रमाणे लावायचे असते, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिले. शासनाला ते अजून कळले नसेल, तर किकवीपासून नाशिकपर्यंतच्या आरोग्य कर्मचारी संघटनांनी निवेदने घेऊन ते समजावून द्यावे. देह आमचे, कष्ट आमचे, तर विद्येतही आमचा वाटा असलाच पाहिजे. जयभीम!