विज्ञानकादंबऱ्या बालविभागात कुणी कोंडल्या?

जरा कडू लिहितोय. पण लिहिणं भाग आहे.

परवा गावातल्या एका वाचनालयात बसलो होतो. अकरावीतली एक मुलगी आली आणि तिने जयंत नारळीकरांची 'व्हायरस' मागितली. उत्तर मिळालं, "ती बालविभागाच्या कपाटात आहे. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई रजेवर." पोरगी 'बरं' म्हणून निघून गेली. शेजारी बसलेले समितीचे एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, "या वयात असलं काय वाचायचं? काहीतरी साहित्य वाचावं!"

काका, किल्लीचं सोडा. राग आलाय तो तुमच्या या वाक्याचा.

म्हातारा बाप मुलाचं तारुण्य उसनं घेतो, ही गोष्ट वास्तववादी आहे का? खांडेकरांच्या 'ययाति'ला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं आणि ते योग्यच होतं. ऑर्वेलची '१९८४' आली १९४९ मध्ये, म्हणजे भविष्यावरची कादंबरी. पण तिला आपण 'राजकीय' म्हणतो आणि मोठ्यांच्या कपाटात ठेवतो. म्हणजे कल्पनेची भरारी आवडली की ते साहित्य, नाहीतर पोरखेळ!

नारळीकरांनी १९७४ मध्येच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. मोठ्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून. बक्षीस मिळालं ते कथेला. पुढे साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांचा गौरव केला, तोही आत्मचरित्रासाठी. आणि मी तरी कुठे वेगळा? २० मे २०२५ला ते गेले, तेव्हा मी बातमीच्या मथळ्यात 'शास्त्रज्ञ' घातलं, 'लेखक' ढकलला तिसऱ्या परिच्छेदात.

सगळं मराठी विज्ञानसाहित्य थोर आहे, असं माझं म्हणणं नाही. कित्येक कथांत पात्रं बोलत नाहीत, तास घेतात. ते कंटाळवाणंच आहे, खुशाल टीका करा. पण टीका करायला आधी वाचावं लागतं. लॉकडाऊनमध्ये एकाने मला विचारलं, "नारळीकरांनी कोरोना आधीच सांगितला होता म्हणे?" अहो, तो व्हायरस कॉम्प्युटरचा!

आणि गंमत बघा. 'आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी विमानं होती' हा मेसेज सकाळी ग्रुपवर ढकलणारी मंडळीच संध्याकाळी हॅरी पॉटर वाचणाऱ्या नातवावर डाफरतात. नातवाला पक्कं ठाऊक आहे की झाडू उडत नाही. आजोबांचं काय?

माझ्या मते खरा धोका इथेच आहे. गोष्ट गोष्ट म्हणून वाचायची सवय सुटली की माणूस गोष्टीलाच बातमी समजतो. वीस वर्षं बातम्या लिहितोय, अफवेमागे धावणारा गाव डोळ्यांनी पाहिलाय. चांगली विज्ञानकादंबरी 'असं झालं तर?' विचारते आणि मग 'पुढे काय होईल?' याचा हिशेब मांडते. हा हिशेब अकरावीतल्या मुलीने नाही शिकायचा, तर कुणी?

वाचनालय सरकारी अनुदानावर चालतं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशावर. मागणी साधी आहे. कपाट उघडा, पुस्तकं मोठ्यांच्या विभागात आणा, पुढच्या खरेदीच्या यादीत नवी चार घ्या. सोमवारी मी लेखी अर्ज देतोय. सही करायला कोण कोण येतंय?

त्या मुलीला माझी प्रत दिली आहे. काका, तुम्हालाही देईन, तिची वाचून झाली की.