दुसऱ्याच्या कपाटातला जपान

जुने कपडे म्हटले की मराठी घरात आधी बोहारीण आठवते. दुपारी दाराशी बसलेली, साडीची जर चिमटीत धरून पारखणारी, चार साड्या आणि दोन पँटींवर एक पातेलं सोडायला घासाघीस करणारी. घराबाहेर गेलेला कपडा पुढे कोणाच्या अंगावर चढतो, याची चौकशी कोणी करत नसे. थोरल्याचा सदरा धाकट्याला होणं ही काटकसर. परक्याचा उतरलेला कपडा पैसे मोजून घेणं मात्र ओढगस्तीचं लक्षण. नोकरीनिमित्त टोकियोत येऊन निशी-कासाईच्या भारतीय वस्तीत बिऱ्हाड थाटणारा मराठी माणूस ही समजूत सोबत घेऊनच येतो. ती सैल व्हायला लागते शिमोकिताझावात.

शिबुयाहून इनोकाशिरा मार्गाच्या गाडीनं काही मिनिटांवर असलेला हा भाग. अरुंद गल्ल्या, छोटी नाट्यगृहं, कॉफीची दुकानं आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेली जुन्या कपड्यांची दुकानं. ओदाक्यू कंपनीचा लोहमार्ग २०१३ मध्ये जमिनीखाली गेला, वरच्या मोकळ्या पट्ट्यावर नवी दुकानं आणि उपाहारगृहं आली. पण जुन्याचा शौकीन अजून जुन्याच गल्ल्यांत शिरतो. अमेरिकी कॉलेजांची नावं छापलेले विटके स्वेटशर्ट, सैन्याची जॅकेटं, ऐंशीच्या दशकातले भडक नक्षीचे स्वेटर. विशीतली मुलंमुली ते आरशासमोर धरून बघतात, मैत्रिणींचं मत घेतात, शिवण उलटी करून तपासतात. लपूनछपून कोणीच येत नाही. चूओ मार्गावरचं कोएंजी त्या मानानं निवांत. तिथल्या दुकानदाराला एखाद्या बटणाविषयी किंवा चेनविषयी विचारलं, तर तो हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला बसतो.

या दुकानांची शिस्त बघण्यासारखी आहे. कपडा घालून बघायच्या खोलीत बूट काढूनच पाय टाकायचा. आत एका डब्यात कागदासारख्या पातळ कापडाच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. बायकांनी त्यातली एक डोक्यावरून चेहऱ्यावर ओढायची आणि मग कपडा घालायचा, म्हणजे लिपस्टिक-पावडरचा डाग त्याला लागत नाही. कपडा चाळीस वर्षांचा असला तरी हा नियम आहेच. बऱ्याच दुकानांत टॅगवर किमतीसोबत दोषही लिहिलेला असतो: उजव्या बाहीवर डाग, अस्तर उसवलेलं, एक बटण बदललेलं. विकणाराच आधी उणं सांगून टाकतो आणि घेणारा ते वाचून, बोटानं चाचपून ठरवतो. जुन्या वस्तूच्या व्यवहारातला निम्मा संशय इथेच संपतो.

उरलेला निम्मा कायद्यानं संपवला आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा जपाननं १९४९ मध्ये केला. युद्धानंतरच्या टंचाईत काळा बाजार फोफावला होता आणि चोरीचा माल जुन्या मालाच्या नावाखाली सहज खपत होता. आजही अशा धंद्याला परवाना लागतो, त्याचा अर्ज पोलीस ठाण्यातच करावा लागतो आणि परवान्याची पाटी दुकानात लावावी लागते. त्यामुळे घर आवरताना नको झालेले कोट विकायला घेऊन बुक-ऑफ किंवा सेकंड स्ट्रीटसारख्या साखळी दुकानात गेलेल्या परदेशी माणसाकडे गल्ल्यावरची मुलगी नम्रपणे रेसिडेन्स कार्ड मागते, तेव्हा गोंधळून जायचं कारण नाही. जपानी माणसालाही ओळखपत्र दाखवावंच लागतं.

अमेरिकी कपड्यांचं हे वेड आलं कुठून? त्याचा माग टोकियोतल्या १९६४ च्या गिन्झापर्यंत जातो. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं आणि मियुकी रस्त्यावर आखूड पँटी, तीन बटणांची जॅकेटं घातलेली पोरं दिवसभर नुसती उभी असायची. शहराची शोभा जाते म्हणून सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्यांची धरपकड केली. हा पेहराव त्यांच्यापर्यंत पोचवला होता केन्सुके इशिझू यांच्या 'व्हॅन जॅकेट' या कंपनीनं. पुढच्याच वर्षी 'टेक आयव्ही' हे छायाचित्रांचं पुस्तक निघालं, त्यात अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतली मुलं रोज काय घालतात ते टिपलं होतं. जपाननं ते इतक्या बारकाईनं अभ्यासलं की २०१० मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली तेव्हा अमेरिकी लोकच त्यावर तुटून पडले.

इशिझू ओकायामा प्रांतातले. शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध असलेलं कोजिमाही त्याच प्रांतातलं, आणि १९६५ मध्ये जपानात जीन्स शिवायला सुरुवात झाली ती तिथेच. नव्वदच्या दशकात जपानी व्यापारी अमेरिकेतली गोदामं आणि खेड्यांतली दुकानं पालथी घालून जुन्या लिव्हाइस जीन्स शोधून आणत होते, तेव्हा इथले कारागीर तशाच काठाचं जाड डेनिम जुन्या अरुंद मागांवर नव्यानं विणत होते. पुणेकरांना ओकायामाचं नाव नवं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच बेतलेलं आहे. तिथे फिरायला जाणाऱ्या कित्येक तरुणांच्या अंगात, त्यांना ठाऊक नसताना, कोजिमाच्या परंपरेतून आलेल्या जीन्सचा एखादा अवतार असेल.

हे सगळं रंजक आहे, पण जपानातली जुन्या कपड्यांची खरी दौलत अमेरिकी नाही. ती बघायला क्योटोच्या तोजी मंदिरात जावं. बौद्ध धर्मगुरू कोबो दाइशी यांच्या स्मरणार्थ दर महिन्याच्या २१ तारखेला तिथे बाजार भरतो. २५ तारखेला कितानो तेनमांगू मंदिरात दुसरा. लोणची, झाडांची रोपं, चाकू-सुऱ्या, जुनी भांडी, आणि मधेच जमिनीवर अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवर किमोनोंचा ढीग. पाचशे येन, हजार येन. रेशमाचा, हातानं शिवलेला किमोनो एका साध्या जेवणाच्या भावात मिळतो, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

एखादा उचलून शिवण बघावी. किमोनोचं कापड सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि बाराएक मीटर लांब अशा एकाच ठाणातून येतं. ते सरळ पट्ट्यांत कापतात. गळ्याला, काखेला गोलाई नाही, त्यामुळे चिंध्या जवळजवळ उरतच नाहीत. शिलाई हातानं घातलेली आणि मुद्दाम सैल, कारण ती कधी तरी उसवायचीच असते. पूर्वीच्या घरात किमोनो मळला की सगळी शिवण उसवून पट्ट्या पुन्हा एकमेकींना जोडत, त्याचं मूळ ठाण परत तयार होई, मग ते धुवून, खळ देऊन, बांबूच्या काड्यांनी ताणून वाळवत. त्यानंतर पुन्हा किमोनो. आईचा मुलीला बेतायचा असेल तर शिवणीत दडवलेलं कापड सोडायचं. अंगावर झिजला की हाओरी, म्हणजे वरून घालायचा आखूड कोट. तोही झिजला की उशीचा अभ्रा. शेवटी लंगोट किंवा पुसायचं फडकं. जुन्याला मान कसा मिळतो याचं उत्तर या शिवणीत आहे. कपडा बेततानाच त्याच्या पुढच्या जन्मांची सोय केलेली असते.

या ढिगांतलं सर्वांत जिवंत कापड म्हणजे मेइसेन. इसेसाकी, चिचिबू, आशिकागा, हाचिओजी अशा टोकियोच्या आसपासच्या गावांत ते विणलं जाई आणि १९२०-३०च्या दशकांत शाळकरी मुलींपासून नोकरदार बायकांपर्यंत सगळ्या ते घालत. उंची रेशमाला न चालणारे धागे वापरल्यामुळे ते परवडायचं. विणण्याआधी ताण्याचे धागे सैलसर बांधून त्यांच्यावर साच्यानं रंग देत, म्हणून गुलाबाच्या पाकळीची कड जराशी हललेली, थरथरल्यासारखी दिसते. पाटोळा किंवा पोचमपल्ली ओळखणाऱ्या डोळ्यांना ती ताबडतोब ओळखीची वाटते. जांभळ्यावर लिंबाचा पिवळा, विटकरीवर मोरपंखी, असले धीट रंग आजच्या टोकियोत दिसत नाहीत. शिवाय नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच. वरची बाजू उन्हानं विटली की उसवून, उलटी करून शिवायची.

पुरुषांची हाओरी तर उलटूनच बघावी. बाहेरून काळी किंवा करडी, गिऱ्हाईक नुसतं पुढे सरकेल अशी. आतल्या अस्तरावर मात्र वाघ, फुजी पर्वत, पावसात भिजलेला पूल. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, सामान्यांनी भपका करू नये म्हणून सरकारी निर्बंध होते. माणसांनी हौस आत वळवली आणि निर्बंध गेले तरी ती रीत टिकली. १९३०च्या दशकातल्या काही अस्तरांवर विमानं आणि युद्धनौकाही सापडतात. एका देशानं स्वतःला काय पढवलं होतं, ते तिथे रेशमावर छापलेलं आहे. असं अस्तर हाती लागलं तर ते फॅशन म्हणून मिरवू नये. जपून ठेवावं, कोणी विचारलं तर इतिहास सांगावा.

सुती ढिगाजवळ मराठी माणसानं थोडं जास्त रेंगाळावं. निप्पॉन युसेन कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं १८९३ मध्ये मुंबईची बोटसेवा सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. ओसाकाच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता आणि त्याच्या वाहतुकीवर जुन्या जहाज कंपन्यांची मक्तेदारी होती. त्या मेइजी काळातल्या एखाद्या निळ्या पट्ट्यांच्या सुती किमोनोत आपल्याकडच्या काळ्या मातीतला धागा असणं अगदी शक्य आहे.

उत्तरेकडच्या आओमोरीत तर थंडीमुळे कापूस पिकतच नसे. किनाऱ्याकिनाऱ्यानं येणाऱ्या जहाजांतून शहरांतले वापरलेले सुती कपडे तिकडे जात आणि शेतकरी ते भांगेच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेल्या कपड्यांवर थरावर थर टाचून वापरत. गोधडी पांघरून वाढलेल्या माणसाला त्या टाक्यांबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. आज हेच ठिगळांचे कपडे 'बोरो' या नावानं संग्राहक मोठ्या किमतींना घेतात. ज्यांनी ते थंडीतून वाचण्यासाठी शिवले, त्यांची गरिबी त्या किमतीत विसरली जाऊ नये.

स्वस्ताईचंही तसंच. रोज किमोनो घालणारी पिढी गेली. आजीच्या मागे किरी लाकडाचं कपाट उघडलं की कागदी वेष्टनांत घडी घातलेले किमोनो निघतात, आणि लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातवंडांकडे ना जागा असते, ना नेसण्याची सवय. घाऊक व्यापारी वजनावर उचलतो. त्यातले पुष्कळ पुढे फाडून पिशव्या, उशा, टेबलावरचे पट्टे होतात. डाग पडलेला, कुजलेला किमोनो कापला तर हरकत नाही. त्याचा तोच पुढचा जन्म. पण धडधाकट मेइसेनला कात्री लावणं हे नुकसान आहे. तसा ताणा रंगवणारे हात आता फार थोडे उरलेत, आणि जे कापलं जातं ते पुन्हा विणलं जाणार नाही. घेणाऱ्यानं ते अंगावर घालावं.

घालायचं कसं, हा पुढचा प्रश्न. किमोनोची लांबी साधारण नेसणारीच्या उंचीइतकी लागते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या बायका बुटक्या होत्या, त्यामुळे जुने किमोनो तोकडे पडतात, बाह्या मनगटाच्या वर राहतात. म्हणून सुरुवात हाओरीनं करावी. ती पुढून उघडीच असते, उंचीचा अडसर नाही, ओबीचा कमरपट्टा बांधायची कसरत नाही. जीन्सवर शोभते तशी सलवार-कमीजवरही शोभते. किमोनो घेतलाच, तर नेहमी डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलट नेसवतात ते मृताला. विकणाऱ्या आजीबाई परक्या बाईलाही हे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत, स्वतः पुढे होऊन कड नीट करतात.

टोकियोतल्या मराठी घरांसाठी एक बाजार तर अगदी मोक्याचा आहे. सेतागायाचा बोरोइची. १५७८ मध्ये ओदावाराचा सरदार होजो उजिमासा यानं करमुक्त बाजाराची परवानगी दिली तिथपासून याची परंपरा सांगतात. पुढे शेतकरी इथे कपडे सांधायला आणि गवती चपलांत विणायला चिंध्या, म्हणजे बोरो, घेऊ लागले, त्यावरून हे नाव पडलं. आता तो डिसेंबरच्या १५-१६ आणि जानेवारीच्या १५-१६ तारखांना भरतो, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमाराला. आणि तिथे सगळ्यांत स्वस्त काय असतं, तर काळी हाओरी! साठ-सत्तरच्या दशकांत मुलांच्या शाळाप्रवेशाला, पदवीदान समारंभाला आया ती गणवेशासारखी घालून जात. मग चाल गेली आणि ढीग उरले. पाठीवर एकच छोटं कुलचिन्ह, खाली कमरेपाशी सोनेरी पाइनची फांदी किंवा करवंदी रंगाची फुलं. हळदीकुंकवाला काळं काय नेसायचं, या प्रश्नाला यापेक्षा देखणं उत्तर टोकियोत सापडणं कठीण. मात्र ढिगातून उपसताना पाठ, छाती आणि बाह्यांवर मिळून पाच चिन्हं दिसली आणि फुलापानांची नक्षी कुठेच दिसली नाही, तर तो सुतकातला पोशाख समजावा आणि घडी घालून परत ठेवावा.